काजूचा चीक

आमच्या भागात मे महिन्यात माहेरी जाणाऱ्या बाईनं बोटं सांभाळावीत, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझं माहेर बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर. हा रस्ता बाचीपर्यंत कर्नाटकात असतो आणि शिनोळीला पोचतो तेव्हा महाराष्ट्रात गेलेला असतो. मधे ना नदी, ना डोंगर. पाट्यांवरची लिपी बदलते, पेट्रोलचा भाव बदलतो, बसचा रंग बदलतो, एवढंच. आप्पांची जमीन या रेघेच्या दोन्ही अंगांना आहे. भाताचा मोठा तुकडा इकडं, आणि शिनोळीच्या हद्दीत माळावर काजूची झाडं असलेले बारा गुंठे तिकडं. वाटणी झाली तेव्हा ते बारा गुंठे आप्पांनी माझ्या नावावर केले. भाऊ काही बोलला नाही. काजूला तेव्हा भाव नव्हता.

तर गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी माहेरी होते आणि परसात बिया भाजणं चाललं होतं. भोकं पाडलेलं जुनं घमेलं, त्यात बिया, खाली जाळ. बी तापली की टरफलातला चीक फसफसून बाहेर येतो, पेट घेतो आणि काळा धूर नेमका बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातो. मग घमेलं पालथं करायचं, वर माती ढकलायची आणि निवलेल्या बिया एकेक करून दगडावर फोडायच्या. आई सारखी सांगत होती, "राख लाव गं हाताला, राख." वैनीनं मनगटापर्यंत राख फासली होती. माझ्या एका हातात मोबाइल. बंगळूरच्या अपॉइंटमेंटची मेल नुकतीच आली होती, ती पुन्हा पुन्हा वाचायच्या नादात मी तशीच बिया फोडत बसले. तासाभरात वाटीत थोडे गर, तेवढेच तोंडात, आणि करंगळ्या सोडून बाकी सगळ्या बोटांची टोकं तपकिरी.

अपॉइंटमेंट तेरा दिवसांवर होती. त्यात दहाही बोटांचे ठसे द्यायचे होते.

मी पदवी कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात कधी अठरा मुलं, कधी सात. उरलेल्या वेळात शब्द गोळा करते, शेतातले आणि बाजारातले, जे आमच्याकडं मराठीचेही असतात आणि कानडीचेही. कुरी आणि कूरिगे. तूप आणि तुप्प. गुंठा आणि गुंटे. सुगी आणि सुग्गी. कुठला शब्द कुणी कुणाकडून उचलला यावर दोन्हीकडची शिकलेली माणसं भांडतात. बाजारातली बाई भांडत नाही, तिला भाव करायचा असतो. यावर एक टिपण लिहिलं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून जर्मनीतल्या एका परिषदेला पाठवून दिलं. परिषद सीमाभागांतल्या भाषांवर होती. फेब्रुवारीत उत्तर आलं, या म्हणून. सप्टेंबरात, तीन दिवस, सारब्रुकेन गावी. राहायची सोय ते करणार, विमानाचं आपलं आपण.

पहिले दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी व्हिसाची यादी उघडली.

व्हिसा शेंगेनचा. हा शब्द आपल्याकडं इतका झिजलाय की ते एका खेड्याचं नाव आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीच्या काठाला द्राक्षमळ्यांचं एक छोटं गाव. समोरच्या काठावर जर्मनी, जरा वरच्या अंगाला फ्रान्स. १४ जून १९८५ ला त्या गावापाशी नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर पाच देशांनी सही केली, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी आपण हळूहळू बंद करू. आता त्यात २९ देश आहेत. तीन देशांच्या सांध्यावरच्या खेड्याचं नाव सीमा पुसण्याला मिळालं, याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्याकडं असं खेडं असतं तर तिथं एक चेकपोस्ट, दोन दारूची दुकानं आणि दोन माध्यमांच्या दोन शाळा झाल्या असत्या. (तसं त्यांचंही सगळं पुसलेलं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्याच शेजाऱ्यांच्या सीमांवर पुन्हा पोलीस उभे केलेत, लक्झेंबर्गच्यासुद्धा.)

तर नियम. जायच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस अर्ज करायचा. फी नव्वद युरो, ती व्हिसा नाकारला तरी परत नाही. वर अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण मनात आलं तर पंचेचाळीसही लावू शकतात. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, चेहऱ्याला हात न लावलेला. खडेबाजारातल्या फोटोवाल्यानं हौसेनं माझा गालावरचा तीळ काढून टाकला होता, मला गोरीही केली होती. त्याला म्हटलं, तीळ परत घाल. तो म्हणाला, "मॅडम, लोकं काढा म्हणून पैसे देतात." तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आयकराचे कागद, शिक्का मारलेलं बँकेचं स्टेटमेंट, संस्थेचं ना-हरकत पत्र. हे सगळं हिंडलं की मिळतं. आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा, म्हणजे आपले सुमारे तीस लाख. हा विमा मला आवडला. त्यात दवाखान्याचा खर्च धरलेला असतो आणि तिकडं काही बरंवाईट झालं तर माघारी पाठवण्याचाही. म्हणजे मेले तरी परत येणार, याची हमी विमा कंपनीनं हजाराच्या आत दिली.

जिवंतपणी परत येणार याची हमी मात्र मलाच द्यायची होती.

यादीत ते एका ओळीत असतं. मायदेशाशी असलेल्या संबंधांचे पुरावे. नकाराचा छापील कागद मी मुद्दाम शोधून वाचला. त्यात कारणांपुढं चौकोन असतात, अधिकाऱ्यानं फक्त खूण करायची. त्यातला एक चौकोन असा, की मुदत संपण्याआधी तुम्ही आमची भूमी सोडाल याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे. कॉलेज रोडवरच्या एजंटानं माझी फाइल चाळली आणि म्हणाला, "मॅडम, सगळं आहे, मूळ नाही." मला वाटलं मूळ प्रती मागतोय. तो म्हणाला, "तसलं न्हवं. मूळ म्हणजे जमीन. उतारा लावा. जमीन म्हटलं की कुठल्याही देशात पटतं."

नवऱ्याचा उद्यमबागेत पॅटर्नचा कारखाना आहे. फाउंड्रीवाल्यांना लागणारे लाकडी साचे करतो. त्याला दर गोष्टीत साचाच दिसतो. रात्री तो म्हणाला, "घराचं कर्ज लाव की. अजून अकरा वर्षं हप्ते आहेत. एवढं बांधलेलं माणूस पळून कुठं जाणार?" त्याचं खोटं नव्हतं. कर्जाचा कागद मी फाइलला लावला.

आणि उतारे काढले. दोन राज्यांतले दोन. शिनोळीकडच्या बारा गुंठ्यांचा सातबारा घरबसल्या निघाला, पंधरा रुपयांत, डिजिटल सहीचा, मराठीत. इकडच्या भाताच्या जमिनीची पहाणी, ती कानडीत. आप्पा पहाणीलाही उताराच म्हणतात. स्वतःच्या जमिनीचा हा कागद त्यांना वाचता येत नाही. ते मराठी शाळेत शिकले, कानडी बोलतात झकास, बैलबाजारात तर कानडीतच भांडतात, पण अक्षर लागत नाही. आकडे बघतात आणि पीक काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. त्यांचा सर्व्हे नंबर पाठ आहे. तेवढ्यावर निम्मा जन्म गेला.

जर्मनांना मराठीही चालत नाही आणि कानडीही नाही. इंग्रजी करून हवं. त्यासाठी कोर्टासमोर एका बाँड रायटरकडं गेले. वय सत्तरीचं, कपाळाला विभूती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, समोर जुना कॉम्प्युटर. दोन्ही कागद वाचताना त्यांना कुठं अडखळायला झालं नाही. पहाणी वाचली, सातबारा वाचला, इंग्रजीत टाइप करत गेले, मधेच माझ्याशी मराठीत, पोराशी कानडीत, पक्षकाराशी हिंदीत. मग एकदम थांबले.

"बाई, हितं अडचण हाय."

अडचण नावांची. पहाणीत आप्पांचं नाव एक, सातबाऱ्यावर मागच्या नोंदीत दुसरं, माझ्या पासपोर्टवर वडिलांच्या रकान्यात तिसरं. माणूस एकच. मराठीतून कानडीत जाताना नावाचा एक दीर्घ ऱ्हस्व झाला, कानडीतून इंग्रजीत येताना एक अक्षर वाढलं, आणि आडनावातल्या 'ळ'ला इंग्रजीत जागाच नाही. गावाचं तर विचारूच नका. माझा पासपोर्ट जुन्या दाखल्यांवरून निघालेला, त्यात जन्मस्थळ बेलगाम, इंग्रजांनी लिहिलं तसं. आधारवर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं इंग्रजी नाव बदललं, तेव्हापासून नवे कागद तसे. आणि घरीदारी बेळगाव. एका कागदावर मी जन्मले एका गावात, दुसऱ्यावर राहते दुसऱ्याच, आणि बोलते तिसऱ्याबद्दल.

त्यावर आपल्याकडं एक रामबाण कागद आहे. शंभराच्या बाँडवरचं प्रतिज्ञापत्र, की अमुक, तमुक आणि फलाणा ही एकाच व्यक्तीची नावं आहेत. बाँड रायटर त्याला 'वन अँड सेम' म्हणतात. "दोन वन अँड सेम करूया," काका म्हणाले, "एक वडलांचं, एक गावाचं." गावाचं प्रतिज्ञापत्र करणारी मी त्यांची पहिली नसणार, कारण मजकूर त्यांच्याकडं तयार होता. छापून निघताना त्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी चाललात? म्हटलं, अकरा.

"अकरा दिवसासाठी सगळी जमीन बाहेर काढलासा की!"

पैसे ठरल्यापेक्षा वीस रुपये कमी घेतले त्यांनी. का, ते सांगितलं नाही.

अर्जाचा फॉर्म मी आप्पांच्या समोर बसून भरला. त्यांना त्यातल्या प्रश्नांची मजा वाटत होती. सध्याचं आडनाव, जन्मावेळचं आडनाव, जन्मस्थळ, जन्मदेश, सध्याचं नागरिकत्व, जन्मावेळचं नागरिकत्व. "देश इचारत्यात, राज्य न्हाई इचारत?" म्हटलं, राज्य नाही. "बरं हाय," म्हणाले, "राज्य इचारलं असतं तर मी काय लिवलो असतो?" आप्पांचा जन्म १९५० चा. जन्मले तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात. शाळेच्या वयाला आले तोवर, १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हैसूर राज्यात. लग्नाचं बघायला लागले तेव्हा, १९७३ साली, त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. घर तेच. दाराची चौकट तेवढी एकदा बदलली, वाळवी लागली म्हणून.

मग त्यांनी विचारलं, हे गाव कुठलं म्हणालीस, जिथं चाललीस ते? मी मोबाइलवर नकाशा दाखवला. सारब्रुकेन, फ्रान्सच्या हद्दीला चिकटलेलं. तिथून ट्राम निघते ती थेट फ्रान्समधल्या सारगेमीनला जाते, आपली सिटी बस बेळगावातून शिनोळीला जावी तशी. त्या भागाचा, सारलँडचा, इतिहास मी परिषदेसाठी वाचला होता, तो त्यांना सांगत बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कोळशाचा मुलूख फ्रान्सनं आपल्या ताब्याखाली वेगळा ठेवला. माणसं जर्मन बोलणारी, चलन फ्रँक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांचा संघ वेगळा गेला. १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर ते पश्चिम जर्मनीविरुद्धच खेळले. हे ऐकून आप्पा हसले. मग २३ ऑक्टोबर १९५५ ला तिथं मतदान घेतलं. वेगळं राहण्याचा एक मसुदा होता, तो मान्य आहे का, असा प्रश्न. ६७.७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आणि १ जानेवारी १९५७ ला सारलँड जर्मनीत गेलं.

आप्पांनी बोटांवर मोजलं. नोव्हेंबर, डिसेंबर. आमचं इकडं झाल्यावर बरोब्बर दोन महिन्यांनी.

"मत घेतलं म्हंतीस?"

"घेतलं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बाहेर वैनी म्हशीला वैरण घालत होती.

"इचारलं तरी," एवढंच म्हणाले.

सीमाभागातल्या घरात वाढलेल्या माणसाला या दोन शब्दांत काय आहे ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं. आमच्या आज्जांनी, म्हणजे आप्पांच्या वडलांनी, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून झालेल्या सीमा सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात दिवस काढले. आमच्या घरी दिवाळीच्या आसपास येणारा १ नोव्हेंबर हा काळा दिवस. १७ जानेवारीला हुतात्म्यांना फुलं. लहानपणी मला वाटायचं की 'बेळगाव, कारवार, निपाणी' हे एकाच लांबलचक गावाचं नाव आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, त्यानं बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो दावा अजून तिथंच आहे, ८६५ गावांचा. मागणीमागं चार तत्त्वं सांगितली जातात, आप्पांना ती पाढ्यासारखी येतात: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन मोजता येतात. चौथी विचारावी लागते.

आणि मी काय करत होते? त्याच घरातली मी, चांगल्या जाड कागदावर, इंग्रजीत, लिहून देत होते की माझी मुळं बेळगावी, कर्नाटक, भारत इथं घट्ट रुजलेली आहेत, आणि त्याचे पुरावे सोबत जोडले आहेत. ते पत्र माझ्याच्यानं तीन दिवस पुरं झालं नाही. आधी मराठीत लिहून बघितलं. 'मी परत येईन, कारण' इथं पेन थांबायचं. कारण आई आहे? नोकरी आहे? कर्ज आहे? सगळं खरं, पण लिहिलं की खोटं वाटायचं. परत न येण्याचा विचारच ज्यानं केलेला नाही त्यानं परत येण्याची कारणं कुठून आणायची? शेवटी एजंटाकडचा ठोकळेबाज मजकूर घेतला, त्यात माझी नावं घातली, खाली सही केली. तो मजकूर त्यानं शंभरजणांना दिला असेल. अधिकाऱ्यालाही तसलाच वाचायची सवय असणार.

बेळगावहून मुंबई आणि बंगळूर दोन्ही सारखीच लांब, पाचशे किलोमीटरच्या आगेमागे. मुंबईला माझी मावशी आहे, बंगळूरला कुणी नाही. पण अपॉइंटमेंट मिळाली ती बंगळूरची, म्हणून फाइल बंगळूरला. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघाले. फाइल उशाखाली, बोटं मांडीवर. आता खरी गोष्ट बोटांची होती. तपकिरी डाग आठ दिवसांत काळे पडले, दहाव्या दिवशी कातडी सुटायला लागली. अकराव्या दिवशी माझ्या उजव्या अंगठ्याची साल कागदासारखी निघाली आणि खालून नवी, गुलाबी, काचेसारखी गुळगुळीत कातडी आली. तिच्यावर एकही रेघ नाही.

काउंटरवरची मुलगी पंचविशीची असेल. आधी इंग्रजीत बोलत होती. कागद एकेक करून घेतले, यादीवर खुणा केल्या. 'वन अँड सेम' दोन्ही बघून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. रोजची असणार. सातबारा आणि पहाणी मात्र तिनं शेजारी शेजारी ठेवून पाहिले, एक मराठी, एक कानडी, आणि विचारलं, दोन्ही तुमचंच? मी कानडीत उत्तर दिलं, की एक वडलांची आणि एक माझी. माझं कानडी ऐकून तिनं मान वर केली. आमचं बेळगावचं कानडी, दर वाक्याला 'री' लावणारं. बंगळूरच्या माणसाला ते लगेच कळतं.

"नीवु उत्तर कर्नाटकदवरा?"

"हौद्री," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. तुम्ही उत्तर कर्नाटकाच्या का, असं तिनं आपुलकीनं विचारलं आणि मी होय म्हटलं. पन्नाशीकडं झुकलेल्या आयुष्यात हा प्रश्न मला असा सरळ कुणी विचारला नव्हता आणि असं सरळ उत्तर मी कधी दिलं नव्हतं. हिंडलग्यात बसलेले आज्जा मला आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण तिनं विचारलं कानडीत, मी उत्तर दिलं कानडीत, त्या भाषेत दुसरं काय म्हणणार होते?

मग ठशांची खोली. आधी डाव्या हाताची चार बोटं, मग उजव्याची चार, मग दोन्ही अंगठे. हिरव्या काचेवर बोटं ठेवायची, पडद्यावर ठसा उमटतो. माझ्या बोटांच्या जागी पडद्यावर ढग. मशीन नाही म्हणालं. मुलानं काच पुसली. पुन्हा नाही. ओला टिश्यू दिला, मग कोरडा, मग जोरात दाबा, मग हलके ठेवा. करंगळ्या तेवढ्या आल्या. बी फोडताना करंगळी वर राहते ना. मागं रांग वाढत होती, एका बाईच्या कडेवरचं मूल रडत होतं. मुलानं सुपरवायझर बाईंना बोलावलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा केला, शेतातल्या बायका रोग पडलेलं पान बघतात तसा.

काय झालं, विचारलं. मी सांगितलं, काजूचा चीक. कानडीत काजूला गोडंबी म्हणतात.

"गोडंबिना?" त्यांना हसू आलं. त्या बंगळूरच्या, त्यांची गोडंबी पायसात पडलेली असते.

आणि मला भर रांगेत वेगळंच सुचलं. मराठीत गोडंबी म्हणजे काजू नव्हे, बिब्ब्याचा गर. तोही असाच टरफलातून काढावा लागतो, त्याच्याही तेलानं कातडी जळते. एकच शब्द, दोन भाषांत दोन बिया, आणि दोन्ही बोटं खाणाऱ्या. माझ्या टिपणात हा शब्द नव्हता. मी पर्समधून पेन काढलं आणि अपॉइंटमेंटच्या कागदामागं लिहून ठेवलं. सुपरवायझर बाईंना वाटलं मी तक्रार लिहितेय. त्या एकदम मऊ झाल्या. म्हणाल्या, कातडी भरली की पंधरा दिवसांनी या, नवी फी नको.

त्या पंधरा दिवसांत आमच्या घरातली भांडी नवऱ्यानं घासली. हे त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. रोज रात्री खोबरेल तेल लावून बोटं उजेडात धरायची आणि रेघा आल्या का बघायचं. शाळेत असताना वहीवर शाईनं अंगठा उठवून बघायचो, तसं मी स्टँप पॅडवर उठवून बघितलं. आधी मधोमध एक भोवरा आला, मग कडेनं लाटा. तोच भोवरा, पूर्वीचाच. नवी कातडी जुनाच नकाशा घेऊन येते. कागदांपेक्षा तेवढी तरी विश्वासू.

दुसऱ्या खेपेला ठसे दुसऱ्या प्रयत्नात लागले. हे ठसे आता ५९ महिने त्यांच्याकडं राहतील, तोवर पुन्हा अर्ज केला तर सहसा द्यावे लागणार नाहीत. पासपोर्ट तिथंच ठेवून घेतला आणि मी रिकाम्या हातानं परत आले. पुढं वाट बघणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दिवसातून सहा वेळा मोबाइल बघायचा आणि तेच वाक्य वाचायचं, की अर्जावर काम चालू आहे.

जुलैत माहेरी लावण चालू झाली. आमच्या पश्चिम पट्ट्यात तेव्हा पाऊस नुसता ओततो. शिवारात गुडघाभर चिखल, बायका वाकलेल्या, प्लास्टिकच्या खोळी, मधेच कुणीतरी गाणं धरतं आणि सर आली की सोडून देतं. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. दुपारच्या सुमारास बांधावरून स्कूटरचा हॉर्न वाजला. नवरा. रेनकोटच्या आत, त्याच्या आत एक पिशवी, तिच्यात अजून एक पिशवी, आणि तिच्यात कुरिअरचं पाकीट. फोडलेलं नव्हतं.

मी हात डोक्यावरच्या खोळीला पुसले आणि पाकीट फोडलं. मधल्या पानावर व्हिसा होता. फोटोत गालावरचा तीळ होता. दिवस ११.

सगळ्या बायका भोवती जमल्या. वैनीनं जर्मन अक्षरं मराठीसारखी वाचून दाखवली. आप्पा बांधापाशी आले. पासपोर्ट घ्यायला त्यांनी हात पुढं केला, मग चिखल बघून मागं घेतला. "तूच धर," म्हणाले. मी धरला. ते वाकून बघत राहिले, चष्मा घरी होता, त्यांना काही दिसलं असेल असं नाही.

"माघारी कवा?"

"सप्टेंबरची बावीस तारीख."

त्यांनी शिवाराकडं बघितलं. निम्मं लागलेलं होतं, निम्मं अजून पाण्याखाली.

"म्हंजे सुगीला हाईस," म्हणाले आणि परत खाली उतरले.

नवऱ्यानं पासपोर्ट पिशवीत, पिशवी पिशवीत, आणि सगळं रेनकोटात घातलं. वैनीनं रोपाची एक पेंडी माझ्याकडं फेकली. मी झेलली. बोटांच्या टोकांना अजून जरा झोंबत होतं.